आठवड्यात तीन किलो

३ मार्च

अंगठी निघत नाही. साबण लावला, तेल लावलं, बोट लालबुंद झालं. शेवटी दोरा गुंडाळून कशीबशी काढली. सासूबाई खूश! सून अंगानं भरली म्हणजे बाळ बाळसं धरतंय, असं शेजारणीला सांगत होत्या. मीही हसले. आठवा महिना — चालायचंच.

६ मार्च

वजनकाट्यावर उभी राहिले. गेल्या आठवड्यापेक्षा तीन किलो जास्त. उतरले, परत चढले. तेवढंच.

इतके महिने मुंगीच्या पावलांनी वाढत होतं. आता एकदम एवढं? जेवण तर जात नाही. मग हे आलं कुठून?

नवरा म्हणाला, काटा बिघडला असेल. मग स्वतः चढून बघितलं. त्याचं वजन बरोबर निघालं. मग चहा करायला गेला.

८ मार्च

पोटरीवर बोट दाबलं. खड्डा पडला, बराच वेळ तसाच राहिला. तोंडही सुजलंय. ताईला फोन केला. म्हणाली, पहिलटकरणीला दोरीसुद्धा सापच वाटते, पाय उशीवर ठेव आणि झोप.

तपासणीला अजून चार दिवस आहेत. उगाच गेले तर डॉक्टरीणबाई हसतील का?

९ मार्च

बाळ कमी हलतंय. की मलाच तसं वाटतंय?

१० मार्च

दवाखान्यातून लिहितेय.

सकाळी मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानात एक मास्तर नंबर काढायला आले होते. मी तक्त्याजवळ छडी घेऊन उभी. चौथी ओळ वाचा म्हटलं, आणि मलाच ती दिसेना. अक्षरांवर ठिणग्या उडत होत्या. डोकं ठणकत होतं. मास्तरांनी ओळ अचूक वाचली, हे मला कळलं ते फक्त तक्ता तोंडपाठ आहे म्हणून. छडी ठेवली. मालकांनी टॅक्सी करून दिली, घरी जाऊन पड म्हणाले. टॅक्सीवाल्याला मी दवाखान्याचा पत्ता सांगितला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला. लघवी तपासायला नेली. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या. ही वाढ बाळाची नाही, अंगात साठलेल्या पाण्याची आहे, म्हणाल्या. रक्तदाब फार वाढलाय, झटके येऊ शकतात. बाळ उलट लहानच आहे.

लहान! आणि सगळे मला मिरवत होते.

घरी जायचं नाही. हाताला सुई लावलीय.

११ मार्च

सासूबाई आल्या, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. मला वाटलं, बोलतील — न सांगता कशी आलीस. त्या पायाशी बसून राहिल्या. माझी सुजलेली पावलं हातात घेतली.

"माझीही अशीच सुजली होती," म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आधी एक मुलगी होती. सगळे म्हणाले, किती छान भरलीस. मला बरं वाटत नव्हतं, पण बोलले नाही. ती राहिली नाही."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही ठाऊक नसावं.

मग शेजारणीपुढे एवढं कौतुक का, विचारलं. म्हणाल्या, "भीती वाटली की माणूस बडबडतं, बाई."

१२ मार्च

औषधानं दाब उतरत नाही. आजच बाळ बाहेर काढायचं म्हणतात. दिवस भरायला अजून बराच अवकाश आहे. त्याला श्वास जमेल का, विचारलं. बालरोगतज्ज्ञ तयार आहेत, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जमेल असं नाही म्हणाल्या.

नवऱ्यानं सही केली. बिचाऱ्याला स्वतःचं नाव नीट लिहिता येईना.

सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना दारात गाठलं. मला सगळं ऐकू आलं.

"नातवंड हवंय मला. पण वेळ आलीच, तर आधी माझी पोर. घरात कुणी काही म्हणणार नाही, मी बघते."

आई गेल्यापासून मला कुणी पोर म्हटलं नव्हतं. रडले. मग पोटावर हात ठेवला आणि बाळाची माफी मागितली — मला तू हवं आहेस, आणि मला मरायचंही नाही.

स्ट्रेचर आलं.

१४ मार्च

मुलगी. काचेच्या पेटीत आहे, श्वास स्वतःचा स्वतः घेते. दोघी आहोत.