काळी तुती आणि बाबांच्या गोळ्या

दुशान्बे

बाबा,

तुमच्या मेहरंगेजचा सलाम. मी ठणठणीत आहे, पोटभर जेवते, आईला सांगा. फोनवर रागावले की तुम्हाला नेमका आवाज येईनासा होतो, म्हणून लिहितेय.

परवा विद्यापीठात मी आपल्या अंगणातल्या काळ्या तुतीवर बोलले. तिला काळंभोर करणारा रंग रक्तवाहिन्यांना चांगला असावा, असं आमच्या अभ्यासात दिसतंय. मॅडमनी विचारलं, "झाड कुणी लावलं?" "माझ्या बाबांनी!" म्हणताना माझी मान अशी ताठ झाली की आत्या म्हणाली असती, "अगं, छताला डोकं लागेल!"

आणि काल आईचा फोन. तुम्ही म्हणे चायखान्यात सांगत सुटलात, "माझ्या पोरीनं सिद्ध केलंय, तुती खा, डॉक्टरला विसरा!" तेवढ्यावर मी हसलेही असते. पण रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात? कमाल करता बाबा! असं मी कधी म्हणाले? तुती रोज खा, पण ती गोळीची जागा घेत नाही. चायखान्यात हेही माझ्याच नावानं सांगा.

आईचा गुडघा कसा आहे? जर्दाळू वाळत घातले का?

सुट्टीला आले की दारातच तुमची जीभ बघणार. ती जांभळी हवी आणि गोळ्यांचं पाकीट रिकामं. रिकामं म्हणजे गिळून, फेकून नव्हे.

तुम्हाला विद्यापीठभर मिरवणारी, तुमच्यावर चिडलेली,
मेहरंगेज