काचेच्या पेटीतली उशी

सदाशिव पेठ, पुणे
८ जानेवारी २०२४

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून लिहिते आहे. आईलाही वाचून दाखवा, काही न गाळता.

मला एक वेगळंच काम मिळालंय. कॅम्पातल्या एका जुन्या कॅथलिक चर्चमध्ये काचेची लांब पेटी आहे. तिच्यात एक मुलगी निजल्यासारखी दिसते. चेहरा आणि हात मेणाचे, पण आत खऱ्या अस्थी आहेत, रोमहून फार पूर्वी आणलेल्या. धर्मासाठी जीव दिलेली संत म्हणून लोक तिच्यापुढे गुडघे टेकतात, नवस बोलतात. तिच्या रेशमी झग्याला कसर लागली आहे. नवा झगा, त्यावर जरीचं आरीकाम आणि मोत्यांचा पट्टा, हे सगळं माझ्याकडे आलंय. त्यांच्यातल्या एका नवरीचं ब्लाउज मी केलं होतं. ते पाहून फादर सलिल स्वतः माझ्या खोलीवर आले. अस्थी जाळीच्या कापडात शिवून मोहोरबंद केलेल्या आहेत, त्यांना मी हात लावायचा नाही.

आजवर संतेचे कपडे सरोजिनीबाई बदलत. ऐंशी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका. पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला असते. आता हात थरथरतात म्हणून मला बोलावलं, हे त्यांना मुळीच आवडलेलं नाही. झगा बदल, पट्टा बदल, पण डोक्याखालच्या उशीला बोट लावायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं. उशी तर झग्याहून मळकी आहे!

तुमचा लोभ आहेच. थोडा विश्वासही असू द्यावा.

आपली,
आम्रपाली


लोणी काळभोर
१३ जानेवारी

चि. आम्रपालीस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, त्या पोरीच्या अंगावर आता पांघरायला काय आहे? माझे प्रश्न वेगळे आहेत.

पुण्यात आरीकाम करणाऱ्या बायका संपल्या का? मग फादर जिने चढून तुझ्याकडेच का आले? मी महसूल खात्यात हयात घालवली. माणूस आपणहून जिने चढून येतो, तेव्हा त्याला एक तर सही हवी असते, नाही तर कुणावर तरी ढकलायचं असतं. पेटीत नवसाचं सोनं असणारच. उद्या त्यातलं काही दिसेनासं झालं, तर पहिलं बोट बाहेरच्या माणसाकडे जाईल. आणि आपण कुठल्या बाहेरचे, हे तुला सांगायला नको.

शिवाय हाडांना मोती लावणं मला पटत नाही. तू म्हणशील, बाबा, तुम्हीही अस्थिकलशाच्या दर्शनाला रांगेत उभे होता. होतो. पण विचारांसाठी, हाडांसाठी नव्हे. रांगेत मी रडलो होतो, असं तुझी आई म्हणते. तिला नको ते बरोबर आठवतं.

ती बाई काहीतरी लपवते आहे. उशीपासून चार हात लांब राहा.

हा संशय काळजीपोटी आहे, एवढं ओळखून असावे.

बाबा


सदाशिव पेठ, पुणे
२४ जानेवारी

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमच्या तोंडाला औषध नाही. सोन्याची एक साखळी खरंच दिसत नाहीये. नाताळापर्यंत संतेच्या गळ्यात होती म्हणतात. चर्चच्या समितीतले अनंतराव मला अगदी गोड आवाजात विचारून गेले की कुठे ठेवलेली दिसली का. दुसऱ्या दिवशी बायका सरोजिनीबाईंबद्दल कुजबुजू लागल्या. मला हायसं वाटलं, आणि त्याची लगेच लाजही वाटली.

पण संशय मलाही येतो आहे. उशीची एक कड पुन्हा पुन्हा उसवून शिवलेली आहे. दर वेळचा दोरा वेगळ्या रंगाचा. सुईच्या भोकांनी कापडाची चाळण झाली आहे. परवा मंडईजवळून जरीचं रीळ घेऊन परतले, तर सरोजिनीबाई उघड्या पेटीपाशी उशीवर हात ठेवून हळू आवाजात बोलत होत्या. मला पाहताच गप्प झाल्या. जपमाळ ओढत होते, म्हणाल्या. हातात माळ नव्हती.

आता मी काय करू? काम सोडलं, तर चोर ठरेन. थांबले, तरी कदाचित ठरेन.

उत्तर लवकर धाडावे, रागावून धाडलं तरी चालेल.

आम्रपाली


लोणी काळभोर
२७ जानेवारी

चि. आम्रपालीस,
आशीर्वाद, जय भीम.

रागावलेलो नाही. घाबरलो आहे.

काम सोडू नकोस. फादर, ते गोड आवाजाचे गृहस्थ आणि आणखी दोघांना समोर बसव. जुना झगा त्यांच्यादेखत उतरव, त्यांच्यादेखत झटक. उशीही त्यांच्यादेखतच उसव. बाई रडल्या तरी थांबू नकोस. रडणाऱ्या माणसांचे पंचनामे मी पुष्कळ केले आहेत.

जपून राहावे, हेच मागणे.

बाबा


सदाशिव पेठ, पुणे
६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमचं अर्धंच ऐकलं.

चौघांना समोर बसवून झगा उतरवला. अस्तर उसवताना साखळी निघाली. कडी तुटून आत घसरली होती. अनंतरावांनी माझी नव्हे, सरोजिनीबाईंची माफी मागितली. माझ्यावर संशय नव्हताच, असं वर म्हणाले. मग, आता उशीही पाहून टाकू, असंही म्हणाले.

सरोजिनीबाईंनी उशी छातीशी धरली. रडल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. बाबा, मी सांगून टाकलं की उशीचं कापड चांगलं आहे, उसवायची गरज नाही. धडधडीत खोटं. तुम्ही असता तर माझा हात धरला असता.

सगळे गेल्यावर त्यांनीच मला खाली बसवलं. तरुणपणी त्यांना घरीच मुलगी झाली. बाप्तिस्मा व्हायच्या आत ती गेली. बाप्तिस्मा नाही म्हणून तेव्हाच्या फादरनी दफनभूमीत जागा दिली नाही. नवऱ्याने कुंपणाच्या बाहेर खड्डा खणून पुरलं. पुढे तिथे रस्ता रुंद होणार म्हणून खोदकाम निघालं. आदल्या दिवशी ह्या एकट्या गेल्या आणि हाताने माती उकरून सापडलं तेवढं रुमालात घेऊन आल्या. ठेवायचं कुठे? चर्चमध्ये आपल्या हातातली जागा एकच होती. नवा कपडा चढवताना दर वेळी त्या उशी उसवून रुमालही बदलत. इतकी वर्षं लोक संतेपुढे गुडघे टेकत होते, बाबा, आणि शेजारी ते बाळ होतं.

मी त्यांचे हात धरून बसले. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः फादर सलिलना सांगायला गेल्या. मला सोबत नेलं. मला वाटलं, फादर चिडतील, वर कळवतील. ते म्हणाले की आता असं कुणाला बाहेर ठेवत नाहीत, आणि तेव्हाही ठेवायला नको होतं. त्यांनी बाळाचं नाव विचारलं. सरोजिनीबाईंनी वेणू सांगितलं, इतक्या पटकन की जणू रोज हाक मारत होत्या.

येत्या शनिवारी दफन आहे. उरलेल्या रेशमाचं मी एक झबलं शिवते आहे. त्यावर जरीकाम नाही, मोती नाहीत.

यावं असं वाटलं तर यावे. न आलात तरी माया तीच.

आम्रपाली


लोणी काळभोर
१२ फेब्रुवारी

चि. आम्रपालीस,
आशीर्वाद, जय भीम.

शनिवारी दफनभूमीच्या फाटकापाशी दिसलो, तो मीच. तुझ्या आईने पाठवलं असं सांगणार होतो, पण तिने पाठवलं नव्हतं.

तू फादरांशी बोलत होतीस, तेव्हा सरोजिनीबाई काठी टेकत माझ्यापाशी आल्या. मुलीला ह्या भानगडीत ओढलं म्हणून राग आला का, असं विचारलं. राग होताच, पण मी भलतंच बोलून बसलो. तुला कधी सांगितलं नाही ते. माझी आजी गेली, तेव्हा गावाने स्मशानात जागा दिली नव्हती. वडील आणि चुलते तिरडी घेऊन बांधावर उभे होते, मी मागे. मोठी माणसं हात जोडत होती आणि समोरचे मान हलवत होते. शेवटी ओढ्याकाठी ओल्या लाकडांवर उरकलं. आता ओढाही बुजला आहे. दाखवायचं म्हटलं तरी जागा दाखवता येणार नाही.

ऐकून त्या म्हणाल्या की नोव्हेंबरात त्यांच्यात मेलेल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावतात. वेणूची लावताना शेजारी माझ्या आजीची एक लावली, तर माझी हरकत आहे का?

जन्मभर मी हरकती घेत आणि नोंदवत आलो. तिथे उभा राहून पुष्कळ शोधली. एकही सापडली नाही.

तब्येत सांभाळावी. आम्हा म्हाताऱ्यांवर माया असू द्यावी.

बाबा