किराळीचा कागद

माय, मी कागदांचे रंग बदलायचं काम करते. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढं शिकून हेच का? बीडच्या कॉलेजात माझ्या टेबलावर रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्यांचे डबे आहेत. एका कागदाला पाण्यातलं शिसं कळतं, एकाला पारा. पण माझ्या जिवाचा आहे तो पिवळा. कोवळी ज्वारी चुरून बाटलीत घालायची, वर ओला पिवळा कागद टांगायचा, बूच लावायचं आणि गप बसायचं. पाल्यात सायनाइड असेल तर कागद हळूहळू नारिंगी होतो, मग विटकरी. आपण जनावराला किराळ लागली म्हणायचो ना, ते हेच विष. रंग चढताना बघत बसलं की माझे डोळे जड होतात आणि मी आपल्या लिंबागणेशच्या शिवारात असते.

पावसानं ओढ दिलीय. शेजारच्या रानातल्या मावशीची, तुझ्या जिवाभावाच्या मैतरणीची, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबलीय. शाळेला सुट्टी, म्हणून शेरडं माझ्याकडे. बोरीखाली सावली हलतेय आणि मी झोपते. इतकी गोड झोप पुन्हा कधी लागली नाही बघ. जाग येते तेव्हा पाच शेरडं बांधालगत मरून आडवी, आणि तू एकेकाचं तोंड पदरानं पुसतेयस. मला वाटलं, माया करतेयस. तेवढ्यात आबा आले. पोरीच्या दुर्लक्षानं एक जरी शेरडू गेलं तरी तिची शाळा बंद, असं त्यांनी आधीच बजावलेलं. तू उभी राहिलीस आणि मावशीच्या रानाकडे हात केलास. "तिनंच बांधावर विष टाकलं," म्हणालीस. मला कुणी काही विचारलंच नाही.

मग तुम्ही दोघी कधी बोलला नाहीत. हातपंपावर ती दिसली की तू रिकामी घागर घेऊन माघारी यायचीस. तुझ्या मातीलाही ती लांबच उभी होती. मला तिचा लई राग यायचा, खोटं कशाला बोलू.

हा कागद हाताशी आल्यावर मात्र मला शंका खाऊ लागली. गेल्या आठवड्यात गेले, तिच्याच रानातली तसलीच अडलेली ज्वारी खुडली आणि बाटली तिच्या ओसरीवर ठेवली. तिला आता नीट दिसत नाही. कंचा रंग आला, तिनं विचारलं. विटकरी, मी म्हणाले. विष तू टाकलंच नव्हतंस, ज्वारीनंच मारली शेरडं.

"तुझ्या मायला कशाला लागतोय कागुद? तिला तवाच ठावं व्हतं," ती म्हणाली. "शेरडाच्या तोंडाला पाला व्हता. तिनं पुसला, म्या बांधावरून बघितलं."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"तुझी साळा गेली असती की."

एवढं बोलून ती भाकरी वाढायला उठली. माय, मला तुझा राग आला आणि रडूही आलं. माझ्यापायी मैतरीण घालवलीस आणि मरेपर्यंत चकार शब्द काढला नाहीस.

हे पत्र कुठं टाकणार? तुझ्या वतीनं तिची माफी मागायची, असं ठरवूनच गेलते. ती माफी तेवढी मागायची राहिली. भाकरी खाल्ली, ओसरीवर वारा होता, आणि मी परत झोपले. ती माझ्या उशाशी बसून होती.