अठ्ठावीस नंबरचे टाके

मरोळ, अंधेरी (पूर्व)
५ ऑगस्ट २०२५

चिरंजीव पिंटूस,

शकुकडून आशीर्वाद. शेहेचाळीस वर्षांच्या घोड्याला चिरंजीव लिहिते म्हणून हसू नकोस, पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही.

पत्र कशाला, तर तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस. चार वर्षं झाली. तू बोरिवलीत, मी मरोळला, आणि आपण पोस्टाने बोलणार. पोस्टातल्या मुलीला स्पीड पोस्टचं विचारलं, तर ती म्हणाली, काकी, बोरिवलीला तर तुम्ही स्वतःच जाऊन याल ना. म्हटलं, बाई, तू तिकीट दे.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण टीव्हीवरच्या सासवांना शिव्या घालायला आवाज खणखणीत. माझी विनिता एअरपोर्टच्या कार्गोत लागली, शिफ्ट ड्युटी, घरी फक्त झोपायला येते. गणपती सत्तावीसला आहेत. मूर्ती यंदा शाडूची सांगितलीय. तुला आवडायची तशी, उंदीर लाडवाकडे बघणारा.

माझं शिवणाचं चाललंय. इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागे गाळा घेतलाय, आम्ही अकराजणी. शाळांचे युनिफॉर्म, हॉस्पिटलच्या चादरी, आणि दोन वर्षांपासून एका निरीक्षणगृहाचे कपडे. आपण लहानपणी ज्याला रिमांड होम म्हणायचो ना, ते. चोरीमारीत वगैरे पकडलेली पोरं, केसचा निकाल लागेपर्यंत तिथे ठेवतात. कुठलं ते लिहीत नाही, मुलांचा मामला आहे.

दर पंधरा दिवसांनी तिकडून एक गाठोडं येतं. फाटलेलं, उसवलेलं. आम्ही शिवून परत पाठवतो. तिथे नाडी चालत नाही, एखादं पोर जिवाचं बरंवाईट करेल म्हणून. सगळ्या पायजम्यांना इलास्टिक. प्रत्येक कपड्यावर पक्क्या शाईने नंबर. मुलांची नावं आम्हाला कळत नाहीत, आणि विचारायचीही नसतात.

मे महिन्यात अठ्ठावीस नंबरचा जोड आला. गंजी पायजम्याला शिवलेली. म्हणजे गंजीचा खालचा घेर आणि पायजम्याची कंबर, दोन्ही एकत्र, गोल. दोरा चादरीतून ओढून काढलेला. पुढचे टाके नखांनी ओढून तोडलेले दिसत होते, बाजूचे आणि मागचे तसेच पक्के. बारा-तेरा वर्षांच्या पोराचं माप. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, या कार्ट्यांना दुसरे उद्योग नाहीत. ब्लेड घेतलं, सगळं उसवलं, इस्त्री मारून पाठवून दिलं. जूनमध्ये परत तेच. परत उसवलं. त्या वेळी तर वर चिठ्ठी टाचली, "कपडे खराब करू नयेत." चांगल्या ठळक अक्षरात.

गेल्या बुधवारी तिसऱ्यांदा आलं. मी ब्लेड घेऊन बसले, तोंडाने बडबड चालूच. आमच्यात रेवती म्हणून नवीन मुलगी आहे, कामाला येऊन महिना नाही झाला. ती काज करता करता म्हणाली, "शकुताई, एवढं घट्ट शिवतोय, म्हणजे कोणी काढू नये असं वाटत असेल त्याला."

बाकीच्या हसल्या. माझा हात तिथेच थांबला.

दोनदा उठून चहा करून आले, पिंटू. आता उठणार नाही. लिहून टाकते.

बाबांची मिल बंद पडली, ते गावी गेले, आणि बळवंतमामाने आपल्याला या मरोळच्या खोलीत घेतलं. मामी गावी, मामा एकटा. आई आणि मी खाली झोपायचो, तू मामाबरोबर पोटमाळ्यावर. तू दहाचा, मी चौदाची. तू चड्डीच्या नाडीला गाठी मारायचास. एक नाही, सात-सात, आठ-आठ. सकाळी शाळेच्या घाईत सुटायच्या नाहीत, तू रडकुंडीला यायचास आणि मी कात्रीने कापायचे. वर चाळभर सांगत फिरायचे की आमच्या पिंटूला नाडी बांधता येत नाही. पोरं तुला गाठोबा म्हणायची. ते नाव मीच ठेवलं होतं.

मग आई वैतागली. मी नुकती शिवणक्लासला जायला लागले होते. आई म्हणाली, ह्याच्या चड्ड्यांना इलास्टिक घाल, रोजची कटकट नको. मी तीन चड्ड्यांना घातलं. क्लासच्या बाईंनी टीप सरळ आली म्हणून शाबासकी दिली. तीच माझी पहिली शिवण. आजपर्यंत गाळ्यातल्या पोरींना मी ते कौतुकाने सांगत आले. तू त्या दिवशी त्या चड्ड्या हातात घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर बसला होतास, जेवायलासुद्धा आला नाहीस. मला वाटलं, रुसलाय.

मामा गेला तेव्हा बाराव्याला तू आला नाहीस. मी सगळ्या पाहुण्यांसमोर फोन स्पीकरवर टाकला आणि तुझी अब्रू काढली. ज्याने छप्पर दिलं त्याच्या बाराव्याला येत नाहीस, लाज नाही वाटत, असं काय काय. तू एवढंच म्हणालास, "ताई, तुला खरंच कधी दिसलं नाही?" मला वाटलं, तू खोलीच्या कागदपत्रांबद्दल बोलतोयस. मूर्ख बाई मी.

मी विचारत नाही. तुला एक शब्दही सांगायची गरज नाही. मला कळलंय एवढंच तुला कळावं. आणि पिंटू, माझं चुकलं. तू दहा वर्षांचा असताना जेवढं जमलं तेवढं स्वतःला सांभाळलंस, आणि ते कात्रीने कापायला मी रोज सकाळी हजर होते. आता त्या पोराच्या बाबतीतही मी दोनदा तेच केलंय.

तिसरं गाठोडं मी उसवलं नाही. तसंच पिशवीत घालून तिकडे गेले. अधीक्षक चंद्रप्रकाश साहेब, माणूस वाईट नाही, पण त्याला झंझट नको. म्हणाला, बाई, इथली पोरं साधी नाहीत, काहीही उद्योग करतात, तुम्ही शिवणाचं बघा. मी कपडे त्याच्या टेबलावर पसरले आणि खुर्ची ओढून बसले. म्हटलं, मी इथून हलत नाही. शेवटी त्याने तिथल्या समुपदेशक मुलीला बोलावलं. जान्हवी नाव. तिने टाके बघितले आणि तिचा चेहराच बदलला. तिने तिथल्या तिथे १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावला. मला म्हणाली, शंका आली तरी कळवायचं असतं, काकी, हा कायदाच आहे, खात्री करायचं काम आपलं नाही. संध्याकाळच्या आत अठ्ठावीस नंबरला दवाखान्याच्या खोलीत हलवलं, एका बाईच्या देखरेखीखाली.

पण हे तात्पुरतं. पोरगा कोणाशी बोलत नाही, तोंडच उघडत नाही. येत्या मंगळवारी, बारा तारखेला, खात्याची चौकशी आहे. साहेबाने आधीच लिहून दिलंय की हा खोडसाळपणा आहे. चौकशीत तसंच ठरलं तर पोरगा परत त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांमध्ये. मला जबाब द्यायला बोलावलंय. ते विचारणार, दोऱ्याच्या टाक्यांवरून तुम्हाला कसं कळलं? खरं उत्तर एकच आहे, आणि ते माझं नाही, तुझं आहे. तू हो म्हटल्याशिवाय मी ते तोंडातून काढणार नाही. नाही म्हणालास तरी चालेल. मग टाक्यांवरच भांडेन, जेवढं येतं तेवढं.

घाई करू नकोस असं लिहायला हवं, पण मंगळवार थांबणार नाही.

खाली ताई म्हणून सही करत नाही. तो हक्क मी स्पीकरवर घालवला.

शकु

*

मरोळ
२० ऑगस्ट २०२५

प्रिय पिंटू,

रविवारी दुपारी तुझा मेसेज आला तेव्हा मी विनितासाठी मासे साफ करत होते, ती श्रावण पाळत नाही. हात तसेच, फोनला खवले लागले. "ताई, सांग त्यांना. माझं नाव घेऊन सांग." किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. तू नंतर फोन उचलला नाहीस ते बरं केलंस, मला बोलता आलं नसतं. म्हणून परत पत्र.

मंगळवारी तीन माणसं होती. मधे एक वयस्कर मॅडम, वनमाला नावाच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. साहेब बाजूला घाम पुसत. पहिलाच प्रश्न तोच. मॅडम म्हणाल्या, मुलं खेळ म्हणूनही असं करतात, शिवणारणीला यातलं काय कळणार?

माझं डोकंच फिरलं. मी कपडे पुढ्यात पसरले. म्हटलं, मॅडम, छत्तीस वर्षं मशीनवर बसते. खेळ असता तर पोराने धावदोरा घातला असता, चार टाके इकडे, चार तिकडे, आणि कंटाळला असता. ह्याने प्रत्येक टाक्याला मागे येऊन गाठ मारलीय. सुई म्हणून झाडूची तार घासून घेतलीय, जान्हवीला ती गादीखाली सापडली. रोज झोपायच्या आधी पुढचं शिवायचं, रोज सकाळी लघवीला जायचं तर एकेक गाठ नखाने तोडायची. चाळीस-पन्नास गाठी. तुम्ही एक दिवस करून बघा, मग मला खेळ सांगा.

 मग मी तुझं नाव घेतलं. "माझा भाऊ परेश दहा वर्षांचा असताना आमच्या घरात, माझ्या सख्ख्या मामापासून वाचायला अशाच गाठी मारायचा. त्या मी कापत होते, मला कळलं नाही. आज कळतंय."

 लिहून घेणारा मुलगा थांबला. मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, लिही, शब्दन् शब्द लिही.

दोन दिवसांनी तो पोरगा जान्हवीशी बोलला. तिने त्याला एवढंच सांगितलं होतं की तुझे टाके एका काकीला समजले. काय बोलला ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. रात्रपाळीच्या एका माणसाला पोलिसांनी नेलंय. केस चालेल, वेळ लागेल. लहान पोरांचा हॉल मोठ्यांपासून वेगळा केलाय, रात्रपाळीला आता दोघंजण असतात, त्यात एक बाई. तक्रारपेटीची किल्ली साहेबाच्या ड्रॉवरमध्ये असायची. पोरं त्यात चिठ्ठी टाकणार कशी? ती आता बाहेरच्या माणसाकडे दिलीय. साहेब जिन्यात मला म्हणाला, मी रोज राउंड घेत होतो हो. म्हटलं, मीही दोनदा हातात घेऊन बघितलं होतं. 

आमच्या गाळ्यातही नियम केलाय. पोराने स्वतः घातलेला टाका दिसला की ब्लेड लावायचं नाही, आधी जान्हवीला फोन. रेवतीने ते खडूने भिंतीवर लिहिलंय, अक्षर घाणेरडं आहे तिचं, पण राहू दिलंय.

आईला सांगितलं. सांगायचं की नाही यावर तीन दिवस घालवले, मग म्हटलं आता कोणापासून लपवायचं. तिने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दोन दिवस जेवली नाही, टीव्ही लावला नाही. मामाचा फोटो माहीत आहे ना, देव्हाऱ्याच्या वर, दर अमावास्येला हार घालायची. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "शकु, तो फोटो काढ थंयसून." मी काढला. मग तुझा मेसेज परत वाचून दाखव म्हणाली. त्यात आईबद्दल काही नाही, हे तिच्या लक्षात आलं.  तिचा हिशोब तिचा, माझा माझा. तू माफ कर असं मी तिच्या वतीने म्हणणार नाही, माझ्या वतीनेही नाही.

काल नवीन गाठोडं आलं. मी सगळं उपसून आधी अठ्ठावीस शोधला. गंजी वेगळी, पायजमा वेगळा. कंबर उलटसुलट करून बघितली, एकही टाका नाही. फक्त गुडघ्यावर फाटलेला, माती लागलेली. खेळताना पडला असेल. मी गुडघ्याला आतून ठिगळ लावलं, बाहेरून दिसणार नाही असं. सगळ्या बायका आपापलं काम सोडून बघत उभ्या होत्या.

गणपती बुधवारी बसतील. ये म्हणून जबरदस्ती नाही. आलास तर जेवून लगेच निघालास तरी चालेल, आणि राहिलास तर पोटमाळा आता नाही, विनिता सातवीत होती तेव्हाच पाडला. तुझं अंथरूण आतल्या खोलीत घालेन. त्या दाराला कधी कडीच नव्हती, हे मला या आठवड्यात दिसलं. काल सुताराला बोलावून नवीन बसवून घेतलीय. आतून.

तू म्हणालास म्हणून लिहिते,
तुझी ताई