पेशंट म्हणायचं नाही

सफरचंदांच्या बागेतून,
१२ सप्टेंबर

प्रिय नेवाताईस,

धाकट्या तुल्योचा स. न. वि. वि. एवढं तरी नीट लिहिता येतं, म्हणजे शाळेचं सगळंच पाण्यात गेलं नाही, असं मावशीला वाचून दाखव.

डोंगराकडे सफरचंदं तोडायचं काम मिळालंय. मालक बरा आहे, पण त्याच्या कुत्र्याला फक्त जर्मन कळतं. मी बस म्हटलं की ते उठून उभं राहतं. आता मी त्याला उभं राहा म्हणतो, तरी ते उभंच राहतं. परवा त्याने माझा मोजा पळवला आणि मालकाच्या बायकोच्या पुढ्यात नेऊन ठेवला. ती मोजा चिमटीत धरून सगळ्या बागेतून कुणाचा कुणाचा म्हणत फिरली, आणि मी शिडीवर चढून पानांआड बसलो. काय सांगत होतो? हां, मावशी.

इथे आपल्या बोर्गोमारेचा एक जण आहे. जेवताना तो म्हणाला की प्रांतात नवे लोक निवडून आलेत आणि ते आपलं 'घर' बंद करणार. मी त्याला म्हटलं, तुझ्या तोंडात पाव कोंब. पण तेव्हापासून चैन नाही. तू त्याच आरोग्य खात्यात बसतेस, तेव्हा एका ओळीत लिही की हे खोटं आहे.

तुला सांगायला नको, पण लिहिलं की मला बरं वाटतं. आई गेल्यावर ओंदीनामावशीने आपल्याला वाढवलं आणि मावशीला त्या घराने सांभाळलं. टेकडीवरच्या वेड्यांच्या जुन्या इस्पितळात तिची ऐन तारुण्यातली वर्षं कुलपाआड गेली. मग डॉक्टरांनीच फाटकं उघडली आणि सरकारने गावात हे घर दिलं. तेव्हापासून डोक्यातले आवाज वाढले की ती पिशवी भरते, चालत त्या घरी जाते, सूप पिते, वरच्या खोलीत काही रात्री झोपते आणि बरी होऊन परत येते. कुणी अडवत नाही, कुणी कोंडत नाही. मी गावोगाव हुंदडतो तो त्या घराच्या भरवशावर. ते नसतं तर मी कधीच कुठल्या तरी दुकानात तराजूपुढे बसलो असतो.

फोन पाण्याच्या पिंपात पडलाय, म्हणून पत्र. तसंही मावशीला फोन नकोच असतो. त्यातला आवाज माझा की तिच्या डोक्यातला, हे तिला ठरवता येत नाही. अक्षर मात्र ती ओळखते.

लोभ आहेच, थोडा डब्यात भरून पाठव. सोबत खारवलेले मासेही चालतील.

तुझा,
तुल्यो

॰

बोर्गोमारे,
२० सप्टेंबर

चि. तुल्यो यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. मोज्याची गोष्ट मावशीला वाचून दाखवली. ती इतकी हसली की शेजारीण दार वाजवायला आली.

तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस. खात्यात चर्चा चालू आहे हे खरं, पण चर्चा कशाची चालू नसते? मी तिथे आहे ना? मी ह्या खात्यात शिरले तीच मुळी त्या घरासाठी. मावशीला कुलपाआड झोपावं लागणार नाही, हा माझा शब्द. जपून ठेव.

उलट तूच मला मदत कर. आमचे नवे साहेब दूरच्या शहरातले आहेत, त्यांना त्या घराची रीत कळत नाही. तिथे कुणाला पेशंट का म्हणत नाहीत, पाहुणे का म्हणतात, हे मी सांगायला गेले की शाळेतल्या निबंधासारखं होतं. तुझ्या हातात गोष्ट आहे. मावशीने त्या नव्या डॉक्टरला झापलं होतं तो प्रसंग मला नीट लिहून पाठव. मी तेव्हा नव्हते. साहेबांना असं काही ऐकवलं की त्यांच्या गळी उतरेल.

मी बरी आहे, दमले आहे. ह्या उन्हाळ्यात मावशीपायी तीनदा बैठकीतून उठून यावं लागलं. तक्रार नाही, आपलं सांगितलं. तिकडे थंडी पडायला लागली असेल. गळा झाकत जा. मासे पाठवते आहे, एकट्याने संपवू नकोस.

आहे तो लोभ सांभाळ.

तुझी,
नेवा

॰

बागेतून,
२८ सप्टेंबर

प्रिय ताईस,

स. न. वि. वि. मासे संपले. कुत्र्यालाही एक दिला, आता ते इटालियन शिकायला तयार आहे.

तुझा शब्द वाचला आणि त्या दिवशी सगळ्यांच्या दुप्पट टोपल्या भरल्या. आता गोष्ट ऐक. त्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही चौघंच होतो, मावशी, घर चालवणाऱ्या डॉक्टर फुल्विया, मी आणि तो नवा पोरगेला डॉक्टर. तो पहिल्याच दिवशी हातात कागद घेऊन आला आणि विचारतो काय, तर आज जेवायला पेशंट किती. मावशी कोबी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, पेशंट असेल तुझा बाप, इथे पाहुणे जेवतात. आणि पहिल्या दिवशी आलेल्या पाहुण्याने कांदा चिरायचा असतो, धर सुरी. तो बिचारा चिरत बसला आणि डोळ्यांतून धारा. मावशी म्हणाली, रडू नकोस रे राजा, घरी सोडतो आम्ही, कोंडत नाही. फुल्वियाबाई हसता हसता खाली फरशीवर बसल्या. म्हणाल्या, ह्या घरात आजवर एकही पेशंट झोपलेला नाही, ना बोलण्यात ना कागदावर. सरकारला कळवतानाही मी पाहुणेच लिहिते, आणि मरेपर्यंत तेच लिहीन.

तो पोरगा नंतर दक्षिणेला आपल्या गावी गेला. मला त्याची फार आठवण येते, का ते माहीत नाही. तसा तो कांदा वाईट चिरायचा.

साहेबांना हे पुरेल ना? तू आत आहेस म्हणून मी बाहेर मोकळा आहे. इथलं संपलं की ऑलिव्ह पाडायला खाली दक्षिणेत जाईन म्हणतो.

माझा लोभ शिडीवरून खाली टाकतोय, झेल.

तुझा,
तुल्यो

॰

बोर्गोमारे,
९ नोव्हेंबर

चि. तुल्योस,

मावशीचे आशीर्वाद, आणि मळ्याचा पत्ता कळवल्यापासून दोन आठवडे पत्र नाही म्हणून एक चापट.

घर बंद झालं. म्हणजे संध्याकाळी पाचपर्यंत उघडं असतं, पत्ते खेळा, कॉफी प्या. मग कुलूप. वरच्या खोल्यांतल्या गाद्या नेल्या. माझी निळी गोधडीही नेली, ती सरकारची नव्हती, माझी होती.

खात्याचा एक माणूस आला होता, गोरागोमटा, बोलायला गोड. आम्हा सगळ्यांना बसवून म्हणाला की सरकार खाटांचा खर्च करतं तो पेशंटांसाठी. ह्या घरात पेशंट कुणीच नाही, इतक्या वर्षांत कधी नव्हता, तुम्हीच तसं लिहीत आलात. आणि पाहुण्यांना झोपवण्याचा खर्च सरकार का करील? मग त्याने कांद्याची गोष्ट सांगितली, पार 'पेशंट असेल तुझा बाप'पासून. सगळे हसले. मीही हसले, माझाच विनोद तो. फुल्विया मात्र भिंतीसारखी पांढरी झाली. पाहुणे हा शब्द तिनेच स्वतःच्या हाताने लिहिला होता ना, दर वर्षी, ताठ मानेने.

मी त्याला विचारलं, ही गोष्ट तुला कुणी सांगितली? त्याला वाटलं मला आनंद होईल. म्हणाला, आमच्या नेवाबाईंनी, सगळा मुद्दाच त्यांनी शोधून काढला, हुशार आहेत, त्या तुमच्या गावच्या ना? मी म्हटलं, हो, इथल्याच. एवढंच म्हटलं.

तुल्यो, तू तिला सांगितलंस ते प्रेमाने सांगितलंस, हे मला कळतं. स्वतःला खात बसू नकोस. आणि तिला ओरडूही नकोस, कुणी ओरडलं की ती आणखी गप्प होते, लहानपणापासून तशीच.

शहरातल्या इस्पितळात जागा आहे म्हणतात. दार बंद असतं, आणि आत जायला आधी मी पेशंट आहे असं म्हणावं लागतं. मी म्हणणार नाही. पण आवाज आलेत रे. तुझ्या आईचाही आहे त्यात, ती बरी बोलते. बाकीचे नाही बोलत बरं. झोप नाही. कुठे जाऊ, ते तुला सुचलं तर लिही.

मावशीवर माया आहे ना? असू दे.

तुझी,
ओंदीनामावशी

॰

ऑलिव्हच्या मळ्यातून,
१४ नोव्हेंबर

नेवा,

नमस्कार घालायला हात उचलत नाही.

तू माझ्याकडून गोष्ट मागून घेतलीस. मी हसत लिहिली, तू ती त्यांच्या हातात दिलीस. मावशीचा विनोद वापरून मावशीची खाट काढलीस. मी चार वेळा हे पत्र लिहायला बसलो आणि चारही वेळा वाटलं, आपण चुकतोय, नेवा असं करणार नाही. कुणीतरी दुसरी नेवा असेल.

मी चूक आहे असं लिही. काहीही कारण लिही, मी मानीन.

तुल्यो

॰

बोर्गोमारे,
१९ नोव्हेंबर

चि. तुल्यो यास,

आशीर्वाद. तू नाकारलेस तरी मी देणार.

तू चूक नाहीस. मुद्दा मीच शोधला. पण पुढचंही वाच. त्यांना सबंध घरच मोडायचं होतं. जागा विकायला निघाले होते. मी म्हटलं, दिवसाचं राहू द्या, रात्रीचं घ्या, आणि रात्रीचं घ्यायला तुम्हाला भांडावं लागणार नाही असं कारण मी देते. निदान कॉफी आणि सूप वाचलं. हे तुला कोण सांगणार? तू शिडीवर होतास.

मी शब्द दिला होता, हे मला आठवतं. तो देताना मी खोटं बोलत नव्हते. पण दर खेपेला मावशी रस्त्यात सापडली की फोन मला येतो, तुला नाही. तुझा फोन पिंपात असतो. मी इथे राहिले म्हणून तू भटकलास, घरामुळे नाही. हे कधी लिहिलंस?

आता ऐक. शहरातल्या वॉर्डात मी तिच्यासाठी खाट धरून ठेवली आहे. स्वच्छ आहे, डॉक्टर चांगले आहेत. तिने फक्त एक शब्द म्हणायचा आहे. ती तुझं ऐकते. तू येऊन तिला म्हणायला लाव. ती झोपत नाहीये, तुल्यो, आणि वारा सुटलाय.

लोभ ठेव म्हणत नाही. पण ये.

तुझी,
नेवा

॰

बोर्गोमारे,
३ डिसेंबर

नेवा,

मी येऊन आठवडा झाला. तू दोन गल्ल्या पलीकडे राहतेस तरी हे टपालातच टाकणार आहे, कारण समोर बोललो तर मी काय बोलेन ते मला माहीत नाही.

तुझा निरोप मी मावशीला दिला. तेवढं इमान राखलं. ती म्हणाली, नेवाला सांग, तिने येऊन मला तोंडावर पेशंट म्हणावं, मग मी निमूट जाते. रविवारी तिने आलूबुखारे भरून बटाट्याचे गोळे उकडले, तुला आवडतात तसे, वरून साखर आणि तुपात भाजलेला पावाचा चुरा. तीन ताटं मांडली. तुला मी चिठ्ठी पाठवली होती. तू आली नाहीस. ती म्हणाली, काम असेल. मग तुझ्या वाटचे गोळे तिने मला वाढले आणि मी ते गिळले.

सोमवारपासून वारा असा सुटलाय की वरच्या गल्लीत लोकांना धरायला दोर बांधलेत. मावशी रोज दुपारी पिशवी भरून घराकडे जाते. पाच वाजता ते कुलूप लावतात आणि ती पायरीवर बसते. फुल्वियाबाई तिच्या शेजारी बसून राहतात. मी जाऊन तिला आणतो. काल ती पायरीवर नव्हती. बंदराच्या धक्क्याच्या पार टोकाला सापडली, कोट उघडा, पिशवी छातीशी, खाली पाणी नुसतं उसळत होतं. एका कोळ्याने तिला मागून कवेत धरून ठेवलं होतं. तो मला ओरडला, म्हणाला, माणूस आहेस का कोण, म्हातारीला असं सोडतात? मी त्याला काय सांगू? की इथे एक घर होतं?

आज दुपारी जेवण झाल्यावर तिने पुन्हा पिशवी भरायला घेतली. मी तिला म्हटलं, नको जाऊस. ती म्हणाली, जरा बसून येते. खिडक्यांच्या काचा वाऱ्याने थडथडत होत्या आणि मी तिच्यामागे धावून धावून इतका थकलो होतो की उभ्या उभ्या झोपत होतो. तेव्हा मी उठलो आणि आपल्या घराचं दार आतून कुलूप लावून बंद केलं. किल्ली खिशात टाकली.

ती स्वयंपाकघरात होती. तो आवाज तिला ऐकू गेला. त्या आवाजात आणि तिच्या डोक्यातल्या आवाजांत तिची गल्लत झाली नाही, हा खराच आहे हे तिला लगेच कळलं. मला वाटलं आता ती माझ्या बापाचा उद्धार करील. मी वाट बघत होतो. तिने पिशवी खाली ठेवली, खुर्चीवर बसली आणि पायातले बूट काढायला लागली. नाड्या सोडवायला तिला वेळ लागला. मग बूट जोडीने माझ्या हातात दिले आणि हळूच, मला शिकवल्यासारखं म्हणाली की टेकडीवरच्या इस्पितळात आधी बूट काढून घ्यायचे आणि मग कुलूप लावायचं, तू उलटं केलंस.

आता ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी टेबलाशी बसून हे लिहितोय, समोर तिचे बूट आहेत.

तुल्यो