सव्वाबाराची गाडी

ता. १७, रविवार, दुपार (खरी दुपार, पीएमवाली)

ताईसाहेब,

तुझी गाडी चुकली नव्हती. मी चुकवली होती. आता शिव्या घालून घे, मग पुढचं वाच.

इकडे सगळे बरे आहेत. आई तुझ्या उशीला अजून ऊन दाखवते. आत्याला पोरं सांभाळायला एक बाई मिळाली, म्हणजे तुझ्यावाचून तिचं काही अडलं नाही.

तर झालं असं. बाबांनी मला तिकिटं काढायला धाडलं. आत्याच्या गावाला आठवड्यात एकच थेट गाडी, ती शनिवारी मध्यरात्र उलटली की लगेच सुटते. म्हणून तिकिटावर छापलेलं, रविवार १२:१५ एएम. खिडकीवरचा माणूस दयाळू. म्हणाला, "पोरा, एएम म्हणजे मध्यान्हाच्या आधी, पीएम म्हणजे नंतर. रात्री बारा वाजले की एएम लागलं. लोक इथंच फसतात आणि दुपारी सामान घेऊन येतात."

मी म्हटलं, "काका, फार उपकार झाले." झालेच होते.

घरी येऊन सांगितलं, रविवारी दुपारी सव्वाबारा. आईनं विचारलं, हे एएम काय रे? मी म्हटलं, "आरामात, मंडळी." तूपण हसलीस. सोमवारची नर्सिंगची मुलाखत सोडून आत्याच्या पोरांची नाकं पुसायला निघालेली, आणि हसत होतीस. ते मला बघवलं नाही. बस्स.

पुढचं तुला ठाऊक आहे. स्टँडवर बॅगांवर बसून आपण ज्या गाडीची वाट बघत होतो, ती तिकडे पोचून धुऊनसुद्धा झाली असेल. सोमवारी तू मुलाखतीला गेलीस आणि तुझी निवड झाली.

पण गल्लीनं बाबांना धरलं. "घड्याळजी, आमचं राहू द्या, आधी स्वतःची वेळ लावून घ्या." मी भांडत फिरलो की बाबांच्या दुकानात भिंतभर काट्यांची घड्याळं, त्यांना एएम काय नि पीएम काय, काट्याला बारा म्हणजे बारा. न्हावी तर भर दुपारी बाबांना 'शुभ रात्री' म्हणतो. त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल सध्या माझ्या खिशात आहे, ते जाऊ दे.

तू लिहिलंस, बाबांचं आता वय झालं, त्यांना वेळ कळेना, मी ट्रेनिंग सोडून येते. म्हणून हे पत्र. येऊ नकोस. बाबांचं डोकं ठणठणीत आहे. आलीस तर स्टँडवरूनच माघारी पाठवीन, आणि तुझं तिकीट मी काढीन.

तुझं पत्र आल्यावर मी बाबांकडे गेलो. डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी मनगटी घड्याळात चिमटा घालून बसले होते. कानफटात बसणार म्हणून मी दारातच उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

वर न बघता म्हणाले, "तिकिटं शनिवारी दिवसभर माझ्या खिशात होती. मी वाचली नसतील असं वाटलं तुला?"

"मग बोलला का नाहीत?"

"बहिणीला शब्द दिला होता. तो मोडता येत नव्हता. गाडी चुकली, त्याला कोण काय करणार."

"आणि लोक हसतात ते?"

"हसू दे. हसण्यानं माणूस झिजत नाही." मग हात पुढे केला. "उभा काय राहिलास, ते झाकण दे इकडे."

दिलं. त्यांनी ते घड्याळावर बसवलं.

माफीबिफी मी मागणार नाही. तुझी नाही, आत्याची तर नाहीच. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. पण ताई, तुझ्या पाया पडतो, हे कुणाला सांगू नकोस. आईलासुद्धा नको, तिच्या पोटात काही राहत नाही. फुटलंच तर माझं नाव सांग, मला सवय आहे. बाबांचं मात्र मरेपर्यंत नाही. आत्याला वाटू दे, तिचा भाऊ वेळेला चुकला.

या भानगडीतला एकटाच गुन्हेगार,
तुझा धाकटा