निम्म्या पेशी लाल

१४ मार्च

दादा,

तीन महिने पत्र नाही, माफ कर. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा दम लागणं कमी झालं का?

आज प्रयोगशाळेत हादरले. उंदरांच्या धमनीतल्या स्नायुपेशींना आम्ही आधीच लाल खूण केली होती. धमनीच्या आत साचलेल्या थरातल्या, चरबीने फुगलेल्या पेशी मी वर्षभर नुसत्या आकारावरून रक्तातून आलेल्या म्हणून मोजल्या. आज पहिल्यांदाच त्यांच्यात लाल खूण शोधली, तर निम्म्या लाल! धमनीच्याच पेशी रूप बदलून बसल्या होत्या.

मोजणी पुन्हा करता येईल. पण मागे तू फोनवर विचारलंस, “शास्त्रज्ञबाई, तूप सोडलं, आता कोलेस्टेरॉलची गोळी सोडू?” वहिनी मागून “नको, नको” ओरडत होती आणि मी तोऱ्यात म्हटलं, “सोड की!” तूप थांबलं की झालं, आजार सगळा बाहेरूनच येतो, हे मी कशावरून धरलं?

तुझी घाबरलेली,
धाकटी

(माझ्या वहीत) उद्या: पत्र पोचायची वाट न बघता, उठल्याबरोबर वहिनीला फोन करून दादाला डॉक्टरांकडे पाठवणे.